काटा खोटं का बोलतो?

खेडला समुद्र नाही. गावाला लागून जगबुडी वाहते, ती पुढे वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी दाभोळपाशी अरबी समुद्राला. एके काळी दाभोळ-अंजनवेलकडून लहान गलबतं भरतीचं पाणी धरून खेडपर्यंत येत. आता जगबुडीचं नाव निघतं ते पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी शिरलं की, नाहीतर पात्रात मगर दिसली की. पण खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण या पट्ट्यातल्या कोकणी मुसलमानांच्या घरांत समुद्र पिढ्यान्‌पिढ्या येऊन-जाऊन आहे. ज्याचे आजोबा किंवा पणजोबा 'जहाजावर होते' असं घर शोधायला फार फिरावं लागत नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर डेकचं काम करणाऱ्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुसलमानांचा मोठा भरणा असे. वर सारंग, त्याखाली टंडेल, कसब आणि खलाशी अशी त्यांची उतरंड होती. 'सारंग' हा शब्द फारसी 'सरहंग'वरून आला. मच्छीमारी नौकेच्या कप्तानाला आपल्या किनाऱ्यावर आजही तांडेलच म्हणतात.

मी याच रांगेतला, मात्र दोरखंडाऐवजी वायरी ओढणारा. बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिशियन होतो. हिंदुस्थानी खलाशी या माणसाला 'बत्तीसाब' म्हणतात. आता खेडमध्ये मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. शेतीचे पंप, मिक्सर, पिठाच्या गिरणीच्या मोटरी येतात. वर्षातून चार-सहा वेळा बंदरावरून फोन येतो आणि मी मल्टिमीटर पिशवीत टाकून एसटी पकडतो.

त्यातलं एक काम इथे सविस्तर लिहितो आहे. इंजिनाच्या मीटरला आणि बोटीवरच्या डेटा नेटवर्कला वीज कशी द्यावी, याबद्दल मराठीत लिहिलेलं मला सापडलेलं नाही आणि त्यावाचून माणसांचं नुकसान होताना मी पाहिलं आहे.

दाभोळला माझ्या मामूंचा ट्रॉलर आहे. साठी उलटली तरी तांडेल तेच. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट. केबिनमध्ये जीपीएस, मासे शोधणारं यंत्र, वायरलेस. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, "दिवे लावले की इंजिन तापतं, बाबा. विझवले की थंड होतं. इंजिनाला दिव्याची नजर लागते की काय?"

मी तेव्हा गावात नव्हतो. बंदरावरच्या एका कारागिरानं मीटर बदलून दिला. नवा मीटरही तेच दाखवायला लागला. रात्री जाळं टाकायच्या वेळी मोठे दिवे लागले की तापमानाचा काटा चढायचा, तेलाच्या दाबाचा काटा उतरायचा आणि बजर कोकलायचा. इंजिनाला हात लावून पाहावं तर सगळं रोजच्यासारखं. आठवडाभर हे सोसून मामूंनी बजरची वायर उपटून टाकली.

त्यांच्या जागी कुणीही हेच केलं असतं. रोज रात्री खोटी ओरड करणाऱ्याचं कोण ऐकतं? पण मग जानेवारीतल्या एका रात्री समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी पातं खरोखर तुटलं. काटा चढला. मामूंनी तो पाहिला आणि रोजचंच म्हणून नजर वळवली. जळका वास आला तेव्हा उशीर झाला होता. इंजिन जाम झालं. गुहागरच्या समोर, पाच खलाशी आणि मामू, अंधारात वाहत राहिले. वारा पडलेला होता म्हणून निभावलं. पहाटे दुसऱ्या एका नौकेनं दोर लावून त्यांना दाभोळला ओढत आणलं. इंजिन उघडून बसवण्यात हंगामाची अर्धी कमाई गेली आणि सोसायटीचा हप्ता थकला.

आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत मी दाभोळला गेलो. माझा मामेभाऊ दुबईच्या एका बोटयार्डात कामाला आहे, तोही सुट्टीवर आला होता. येताना त्यानं एक छोटा पडदा, सेंडरचे संकेत आकड्यांत बदलणारा एक डबा आणि नेटवर्कच्या केबली आणल्या होत्या. अब्बांचे जुने मीटर काढून सगळं पडद्यावर आणायचं, असा त्याचा बेत.

मी म्हटलं, आधी काटा खोटं का बोलतो ते शोधू.

मीटरच्या मागे तीन खुंट्या असतात. त्यांवर आय, जी आणि एस ही इंग्रजी अक्षरं असतात. आय म्हणजे चावीकडून येणारा पॉझिटिव्ह, जी म्हणजे निगेटिव्ह आणि एस म्हणजे सेंडर. सेंडर इंजिनाच्या अंगात पिळून बसवलेला असतो. इंजिन तापलं की तापमानाच्या सेंडरचा रोध कमी होतो, त्यातून जास्त प्रवाह वाहतो आणि काटा चढतो. आता गंमत अशी की या सेंडरला बहुधा एकच वायर असते. परतीचा रस्ता इंजिनाच्या लोखंडातून. ते लोखंड आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांना जोडते एक जाड काळी केबल. तिच्यातूनच सेल्फचा प्रचंड प्रवाह जातो आणि अल्टरनेटर चार्ज करतो तो प्रवाहही परततो.

मामूंच्या बोटीवर या काळ्या केबलच्या लगखाली हिरवा कळक चढला होता. वरून रंग मारलेला, म्हणून कुणाला दिसला नव्हता. बोट खाडीत नांगरलेली होती. इंजिन चालू केलं, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवलं. दिवे बंद असताना 0.1 व्होल्ट. दिवे लावताच 0.8. हिशेब साधा आहे. त्या सांध्यात 0.02 ओहम इतका रोध होता. अल्टरनेटर 5 अँपिअर देत असेल तर 0.1 व्होल्ट पडतो, दिव्यांसाठी 40 अँपिअर द्यायला लागला की 0.8 पडतो. म्हणजे चार्जिंगच्या वेळी इंजिनाचं लोखंड बॅटरीच्या निगेटिव्हपेक्षाही पाऊण व्होल्टहून अधिक खाली जात होतं. सेंडरमधून तेवढा जास्त प्रवाह ओढला जाई आणि मीटरला वाटे की सेंडरचा रोध कमी झाला, अर्थात इंजिन तापलं. मामूंच्या इंजिनावरचा तेलाच्या दाबाचा सेंडर उलट जातीचा, त्याचा रोध दाबाबरोबर वाढतो. त्यामुळे त्याच दोषानं तिथे दाब घसरलेला दिसत होता. मीटर दोन्ही निर्दोष. इंजिनही.

मामेभावाला वाटत होतं, पडदा आला की हा घोळ संपेल. म्हणून आम्ही जुन्या केबलवरच त्याचा डबा जोडून पाहिला. दिवे बंद, पडद्यावर 82 अंश. दिवे लावले, 96 अंश. मामू पडद्याकडे बघून गप्प झाले. मग म्हणाले, "काटा हलला तर मी म्हणालो असतो, हा बिघडलाय. पण हे 96 लिहून आलंय. हे कसं खोटं म्हणायचं?"

मला त्यांचा हा प्रश्न कुठल्याही तांत्रिक पुस्तकापेक्षा मोलाचा वाटला. खोटं आकड्यात आलं की माणूस त्याच्यापुढे नमतो. पण पडदा स्वतः काही मोजत नाही. त्याच्यापर्यंत जे पोचतं तेच तो सुबक अक्षरांत दाखवतो. वायर खोटी असेल तर त्याचा आकडाही खोटाच.

आम्ही ती केबल दोन्ही टोकांना उघडली. नवी, कल्हई केलेल्या तांब्याची केबल घेतली. समुद्राच्या हवेत साधं तांबं आतून काळं पडत जातं, वरचं प्लॅस्टिक चांगलं दिसत असलं तरी. लग नीट दाबून बसवला, त्यावर आतून गोंद असलेली नळी तापवून आवळली, ब्लॉकवरचा रंग खरवडून चकचकीत लोखंडावर बोल्ट कसला. मीटरचा निगेटिव्ह दूरच्या पट्टीवरून काढून इंजिनाच्या त्याच बोल्टवर आणला, म्हणजे मीटर आणि सेंडर दोघांचं शून्य एकच झालं. पुन्हा इंजिन, पुन्हा दिवे. मल्टिमीटर 0.03 वर राहिला. काटा जागचा हलला नाही.

दुसरा दोष याहून घातक होता आणि तो आपल्या बंदरांवर सर्रास दिसतो. बोट 24 व्होल्टची, पण जीपीएस, वायरलेस वगैरे 12 व्होल्टवर चालतात. मग कारागीर काय करतात, तर दोन बॅटऱ्यांमधल्या सांध्यावरून वायर काढून फक्त खालच्या बॅटरीवरून 12 व्होल्ट घेतात. फुकटचं काम. यंत्रं चालतात, मालक खूश. पण रात्रभर एकच बॅटरी रिकामी होते. चार्ज करणारा अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून एकच दाब देतो. मी मोजलं तेव्हा एकूण 28.2 व्होल्ट होते. बेरीज बरोबर, वाटणी चुकीची. वरच्या बॅटरीवर 15.1 आणि खालचीवर 13.1. वरची उकळून पाणी टाकत होती, खालची कायम अर्धपोटी. सेल्फ मारला की खालची 8.4 वर कोसळायची. जीपीएस विझून पुन्हा सुरू व्हायचा आणि मामू म्हणायचे, यंत्र जुनं झालं.

आता नेटवर्ककडे येऊ. या बोटींवरच्या नव्या नेटवर्कचं नाव एनएमईए 2000. अमेरिकेतली नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन 1957 साली स्थापन झाली, तिनं ठरवलेला हा मानदंड. आधीचा 0183 हा 1983 चा. त्यात एक बोलणार आणि बाकीचे ऐकणार, तेही सावकाश. 2000 मध्ये सगळे एकाच तारेवर बसतात आणि कुणीही बोलू शकतो. ही रीत मोटारींकडून आली. जर्मनीच्या बॉश कंपनीनं 1986 साली जाहीर केलेली 'कॅन' नावाची पद्धत तिच्या मुळाशी आहे. सेकंदाला अडीच लाख बिट या वेगानं सगळी बोलणी होतात. इंजिनाचे फेरे सेकंदाला दहा वेळा कळवले जातात. दोघं एकदम बोलू लागले तर? आपल्याकडे जमातीच्या बैठकीत वडीलधाऱ्यानं तोंड उघडलं की तरुण आपोआप थांबतो आणि नंतर आपलं म्हणणं मांडतो, तसंच इथे आहे. प्रत्येक संदेशाला मान ठरवून दिलेला असतो. ज्याचा मान मोठा तो पुढे जातो, दुसरा थांबतो, आणि कुणाचंच बोलणं वाया जात नाही.

या तारेचे नियम थोडे आहेत, पण मोडले की काय बिघडलं ते कळत नाही. एक मुख्य केबल, तिच्यावर टी आकाराचे जोड, प्रत्येक जोडातून एका यंत्राला फाटा. फाटा 6 मीटरपेक्षा लांब नको. बारीक जातीची मुख्य केबल 100 मीटरपर्यंत चालते, आपल्या ट्रॉलरला दहा-बारा मीटर पुष्कळ. दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक टर्मिनेटर हवा. आत पाच तारा असतात. तांबडी आणि काळी विजेची, पांढरी आणि निळी बोलण्याची, आणि पाचवी उघडी, बाहेरची गडबड अडवणाऱ्या आवरणाची. वीज बंद करून पांढऱ्या-निळ्यामध्ये रोध मोजला तर 60 ओहम यायला हवा. 120 आला तर एक टोक सुटलं आहे. 40 आला तर कुणीतरी हौसेनं तिसरा टर्मिनेटर लावला आहे. एवढी एक तपासणी केली तरी निम्मी डोकेदुखी जाते.

या नेटवर्कला वीज एकाच ठिकाणी द्यायची, आणि आवरणाची तारही त्याच एका ठिकाणी निगेटिव्हला जोडायची. दोन ठिकाणी दिली की दोन शून्यं तयार होतात आणि त्यांच्यातला फरक बोलण्याच्या तारांना त्रास देतो. मामेभावानं आणलेला डबा त्यासाठीच बरा होता. त्याची सेंडरकडची आणि नेटवर्ककडची बाजू आतून विलग आहे, त्यामुळे इंजिनाचं शून्य इंजिनापाशी राहिलं आणि नेटवर्कचं त्याच्या जागी.

वीज घेतली ती दोन्ही बॅटऱ्यांच्या मिळून 24 व्होल्टवरून, 12 व्होल्ट करून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून. हा कन्व्हर्टर 9 ते 36 व्होल्टपर्यंत काहीही आत आलं तरी बाहेर तेवढंच देतो, म्हणून सेल्फ मारताना बॅटऱ्या खाली गेल्या तरी नेटवर्क डगमगत नाही. नेटवर्कवरची यंत्रं 9 व्होल्टच्या खाली गेली की विझतात, हे लक्षात ठेवायचं. चावीवरून मात्र नेटवर्कला वीज द्यायची नाही. इंजिन बंद पडलं की जीपीएसची गरज सर्वांत जास्त असते, आणि तेव्हाच कुणीतरी चावी फिरवून ठेवलेली असते. त्यासाठी वेगळा स्विच आणि वेगळा फ्यूज. फ्यूज यंत्रापाशी नको, बॅटरीपाशी हवा. अमेरिकन बोटींच्या नियमात हे अंतर साधारण 7 इंच सांगितलं आहे. फ्यूज यंत्राला वाचवायला नसतो. तो वायरीला पेट घेण्यापासून वाचवतो, आणि फ्यूजच्या अलीकडची वायर उघड्यावर असते.

प्रत्येक यंत्र किती वीज खातं ते त्याच्यावर एका आकड्यात लिहिलेलं असतं. एक एकक म्हणजे 50 मिलिअँपिअर. पडद्याचे 6, डब्याचे 2, जीपीएसचे 3, एकूण 11. म्हणजे अर्ध्या अँपिअरहून थोडं जास्त. विजेचा जोड मुख्य केबलच्या मधोमध दिला, म्हणजे दोन्ही बाजूंना भार वाटला गेला. दूरच्या टोकाला 12.9 व्होल्ट मिळाले. मामेभावानं सेल्फ मारला. पडदा तसाच उजळ. मामूंनी दिवे लावले. 82 चा 82.

सगळं झाल्यावर मामेभावानं माहितीपुस्तिका अब्बांच्या हातात दिली. ती अर्थातच इंग्रजीत. आमच्या घरांची भाषिक तऱ्हा सांगायची तर घरात कोकणी, मदरशात उर्दू, शाळेत मराठी आणि जहाजावर गेलो की इंग्रजी. 1811 साली थॉमस रोबक यांनी कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक शब्दकोश छापला. खलाशांना हुकूम द्यायचे तर साहेबाला त्यांचे शब्द येणं भाग होतं. जहाजं त्या शब्दांवर चालत. आज आपल्या नौकांवर यंत्रं येतात ती आपल्या शब्दांशिवाय. बिघाड झाला की मालक कारागिराकडे बघतो, कारागीर दिव्याकडे, आणि जो तो मीटर बदलत सुटतो. आमची पोरं खाडीच्या देशांत दुसऱ्यांच्या यॉटी उत्तम वायरिंग करून चालवतात. तेच ज्ञान दाभोळला, हर्णैला पोचत नाही, कारण ते कुणी घरच्या भाषेत लिहून ठेवत नाही.

म्हणून मी एक कागद मराठीत लिहिला आणि प्लॅस्टिकमध्ये घालून पॅनेलच्या दारावर आतून चिकटवला. कुठली वायर कुठून कुठे, कुठला फ्यूज कशाचा, 60 ओहम कुठे मोजायचे, ब्लॉक आणि बॅटरीत किती व्होल्टपर्यंत चालेल. शेवटी एक ओळ: बजर बंद करण्याआधी काळी केबल तपासा.

हे आता आणखी महत्त्वाचं होणार आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला मच्छीमारी नौकांवरच्या दळणवळण यंत्रणेची देशभर सुरुवात झाली. इस्रोनं विकसित केलेले 1 लाख ट्रान्सपाँडर 13 किनारी राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत टप्प्याटप्प्यानं बसवायचे आहेत. किनाऱ्याशी दोन्ही बाजूंनी संदेश जावा, वादळाची सूचना पोचावी, अडचणीतल्या माणसाला हाक मारता यावी, हा हेतू उत्तम आहे. पण असं एकेक यंत्र वाढत जाईल तशी बोटीवरच्या वायरिंगची जबाबदारीही वाढेल. सरकारी यादीत नौकेपुढे खूण होते ती यंत्र बसलं म्हणून. त्या नौकेवरची काळी केबल कळकलेली आहे का, हे बंदरावरच्याच कुणीतरी बघायचं असतं. आयटीआयमध्ये वायरमन होणाऱ्या किनाऱ्यावरच्या मुलांना 24 व्होल्टची बोट दोन दिवस दाखवली तरी पुष्कळ काम होईल.

ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला. मामेभाऊ दुबईला परतण्याआधी बंदरावरच्या आणखी दोन नौकांचं वायरिंग करून गेला. दोन्हीकडे बारा व्होल्ट मधल्या सांध्यावरूनच काढलेले होते.

सप्टेंबरच्या शेवटी मामूंचा फोन आला. रात्री जाळं टाकताना बजर वाजला होता, दिवे चालू असताना. पडद्यावर 94. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही, इंजिन बंद केलं. एक खलाशी टॉर्च घेऊन खाली उतरला. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी बसली होती. ती काढली, अर्धा तास थांबले, इंजिन सुरू केलं आणि जाळं ओढलं. मला सांगताना त्यांना त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. फोन केला होता तो जाळ्यात किती सुरमई आली ते सांगायला.